देगलूरच्या गोकर्णीच्या एकोणीस बिया

२०२२ साल होतं आणि मला सत्तरावं लागलं होतं. दाखल्यावरची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं टाकलेली, म्हणून वर्ष-दोन वर्षं इकडं-तिकडं धरा. शाळा माझी तिसरीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण लोहा तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात झालं, आणि ते कुणापेक्षा कमी झालं असं मी आजही म्हणणार नाही.

बायकोचा गुडघा बदलायचा होता म्हणून त्या वर्षी आम्ही दोघं नांदेडला लेकाकडं आलो. महिनाभरासाठी आलो ते तिथलेच झालो. रान बटईनं दिलं. लेकाचं घर नव्या वस्तीत. फाटकापासून ओट्यापर्यंत जेमतेम दोन बाजा मावतील एवढी मोकळी माती. सकाळी त्या मातीकडं बघत मी चहा प्यायचो. गावात माझ्या बांधावर उभं राहिलं तर पलीकडचा बांध नजरेत येत नव्हता, आणि इथं बसल्या जागी थुंकलं तर शेजाऱ्याच्या हद्दीत. हसूही यायचं, रागही यायचा.

सून शाळेवर बाई आहे. माहेर देगलूरचं. तिकडं मराठीत कानडी-तेलुगू मिसळलेली असते. ती तिच्या आईला अव्वा म्हणायची. ही अव्वा त्या मे महिन्यात वारली. भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहायची, आणि तिच्या दारातल्या भिंतीवर गोकर्णीचा वेल होता. सोयरीक बघायला गेलो तेव्हा मी तो पाहिला होता. फूल निळंच, पण पाकळीत पाकळी, पोरीच्या झग्याला झालर असते तसं. दरसाल शेंगा वाळल्या की अव्वा बी धरायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला नवा वेल लावायची. देवाला रोज त्यातलीच फुलं.

चौदावा झाला तशी घरमालकानं ती भिंत पाडली. वेल भिंतीबरोबर गेला. सून परत आली ती रुमालाच्या गाठीत चार वाळक्या शेंगा घेऊन. भांडी भावांनी नेली, लुगडी आत्या-मावश्यांनी नेली, हिनं कशाला हात लावला नाही. शेंगा सोलल्या, एकोणीस बिया निघाल्या. अव्वाचं म्हणून जगात तेवढंच उरलं होतं. हे सगळं मला बायकोनं पुढं सांगितलं. त्या दिवशी मला नुसत्या बिया दिसल्या.

झालं असं की मी पाणी प्यायला आत गेलो, तर सून फरशीवर बसलेली. पुढ्यात वाटीभर कोमट पाणी, शेजारी मसाला वाटायचा छोटा दगड, आणि चिमटीत एक बी. ती ते बी दगडावर घासणार तेवढ्यात मी ओरडलो.

"अगं, अगं! काय करायलीस?"

"बी घासायलेय मामा. घासून भिजवायचं, मग लावायचं. आमची अव्वा असंच करायची."

"बियाला जखम करून कुठं उगवत असतंय का? आन भिजवलं तर लगदा व्हईल त्याचा. आण इकडं."

आता माझं ऐका. आमचं पीक सोयाबीन. सोयाबीनच्या बियाची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी. थैली उंचावरून आदळली तरी उगवण जाते. हमालानं खांद्यावरून पोतं धाडकन टाकलं म्हणून मी अख्ख्या बाजारात त्याची शोभा केलेली आहे. बियाला नख लावायचं नाही, ओल लागू द्यायची नाही, उन्हात ठेवायचं नाही. लेकराला जपावं तसं जपायचं. मृग जवळ आला की गावातली अर्धी माणसं आपलं घरचं बी माझ्याकडं घेऊन यायची. मी गोणपाट भिजवायचो, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायचो, गुंडाळी करून सावलीला ठेवायचो. रोज पाणी शिंपडायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी गुंडाळी उलगडून मोड मोजायचे. मी 'पेर' म्हणलो की माणूस पेरायचा, 'मेलंय' म्हणलो की बाजारात घालायचा. माझं बोलणं कुणी परतवलेलं नाही.

असल्या माणसाला कुणी स्वयंपाकघरातल्या दगडानं बी उगवायला शिकवणार?

"मामा, गोकर्णीचं येगळं असतंय," सून हळूच म्हणाली.

"बी ते बी. तू शाळेतली पोरं बघ, बियाचं मी बघतो."

तिनं रुमालातल्या बिया माझ्यापुढं सरकवल्या. सरकवताना तिचा हात जरा थांबला होता, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

एकोणीस बिया. शंभर नव्हत्या म्हणून पाच-पाचाच्या ओळी केल्या, शेवटची चाराची. गोणपाट गुंडाळलं, न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवलं. सून रोज शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, "मामा, काय म्हणायलंय बी?" मी म्हणायचो, "घाई न्हाई." पाचव्या दिवशी उलगडलं, काही नाही. सातव्या दिवशी, काही नाही. एक बी फुगलंसुद्धा नाही. काळपट, तपकिरी ठिपक्याचं, जसं ठेवलं तसंच चकचकीत. नवव्या दिवशी सगळे चहाला बसले होते, आणि मी गावात चावडीवर सांगायचो त्याच आवाजात सांगितलं, "बी मेलंय, सूनबाई. एकबी जित्तं न्हाई."

"बरं मामा," ती म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली. नळाचं पाणी बराच वेळ चालू होतं.

बायको बोलली. ती काठी टेकत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय जीभ हाय का काय तुमची? आई जाऊन महिना न्हाई झाला पोरीच्या."

"मी बियाचं बोललो."

"तेच तर. तुम्ही सदा बियाचंच बोलता."

मला राग आला. खरं तर कशाचा आला ते कळेना. "गोकर्ण काय, हितल्या कोणत्याबी नर्सरीत मिळती," असं काहीतरी पुटपुटत मी ते गोणपाट उचललं, फाटकाबाहेर गेलो आणि झटकलं. शेजारी नवं बांधकाम चालू होतं. आमच्या फाटकाला लागूनच त्यांच्या रेतीचा ढीग. बिया त्या रेतीत गेल्या. मी गोणपाट पिळून कंपाउंडवर वाळत टाकलं आणि आत येऊन आडवा झालो.

पुढचे दोन दिवस सून नेहमीसारखीच वागली. चहा दिला, गोळ्या काढून दिल्या, भाजी काय करू विचारलं. फक्त शाळेतून आल्यावर चप्पल काढायच्या आधी काही विचारायची राहिली. विचारायला उरलंच काय होतं! पण ती फाटकातून आत आली की मी कान देऊन राहायचो, आणि ती नुसती आत निघून जायची. सोळा-सतरा वर्षं ही पोर आमच्या घरात आहे. बायकोच्या आपरेशनला रजा काढून रात्रंदिवस दवाखान्यात तीच बसली होती. माझ्या धोतराला डाग दिसला तर न सांगता धुवायला टाकते. मी कधी तिला 'चांगलं केलंस' म्हणलो असेन असं मला आठवत नाही. आमच्यात म्हणत नसतात. मनात असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको मटकी निवडत बसली होती. आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधलेली, चांगले मोड आलेले. तिनं मूठभर मटकी स्टीलच्या परातीत टाकली आणि परात हलवली. मोडाची मटकी मऊ पडते, तिचा आवाज येत नाही. पण मधूनच टण् टण् वाजलं. तिनं वाजणारे दाणे नेमके वेचून बाजूला काढले. भिजलेले नाहीत, फुगलेले नाहीत, दगडासारखे टणक.

"काय गं ते?"

"काय म्हंजे? कुचर दाणे. दाताखाली आला की दात पडंल. जन्मभर मटकी खाल्ली, तुम्हाला कुचर दाणा ठावं न्हाई?" आणि वरतून, "तुमच्याच जातीचा हाय. किती भिजवा, आत पाणी जाईल तर शपथ."

मी तो दाणा हातात घेतला. काय सांगू, हातातला दाणा मटकीचा होता आणि मला गोणपाटावरचं गोकर्णीचं बी दिसायला लागलं. तसंच. जसंच्या तसं.

"हे मेलेलं असतंय का?" मी विचारलं.

"मेलेलं कशानं? मेलेलं असतं तर फडक्यात नासलं असतं, वास मारला असता. आपल्या उकिरड्यावर मटकीचे येल कुणी पेरले होते? कुचर दाणा ढोराच्या पोटातून बाहेर पडला तरी उगवतोय. त्याची साल झिजाया पाहिजे, मग उगवतोय."

मी उठूनच उभा राहिलो. मेलेलं बी ओल्या गोणपाटात कुजतं, त्याला बुरशी येते, बोटानं दाबलं की फसकन फुटतं. हे मी तिला सांगायचं, का तिनं मला? चाळीस वर्षं मीच लोकांना सांगत आलो. आणि माझ्या हातानं अंथरलेल्या एकोणीस बिया नऊ दिवस ओलीत राहून चकचकीत होत्या, तर मी म्हणलो मेलंय. दिसत होतं, पण सुनेचं खरं निघत होतं म्हणून बघितलं नाही. हे आता लिहायला सोपं आहे.

चप्पल न घालताच फाटकाबाहेर आलो. बघतो तर रेतीचा ढीग निम्मा झालेला. गिलाव्याचं काम चालू झालं होतं. एक बाई मोठ्या चाळणीवर रेती टाकून चाळत होती, दुसरी घमेल्यानं भरून नेत होती.

"थांब बाई, थांब! रेती हलवू नको."

चाळणारी बाई कमरेवर हात ठेवून बघायला लागली. "का वो बाबा? सोनं पडलंय का?"

"बी पडलंय."

"कशाचं?"

"गोकर्णीचं."

ती दुसरीकडं बघून म्हणाली, "ऐकलीस का गं? मिस्त्रीला जाऊन सांग, माल थांबवा, म्हातारा फूल हुडकायलाय." दोघी हसल्या. मला राग यायला पाहिजे होता, पण वेळ नव्हता. मी म्हणलो, "बाई, माझ्या सुनेच्या आईचं बी हाय. आई गेली. माझ्याच हातानं फेकलंय मी."

तिचं हसू गेलं. तिनं चाळणीकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. "केवढं असतंय?"

"तुरीएवढं. काळं."

"मग मालात न्हाई गेलं. तुरीएवढं चाळणीतनं खाली पडत न्हाई, वरच राहतंय. ते खडे तिकडं टाकलेत बघा, तिथं हुडका. आन ही उरलेली रेती मी जरा बारीक नजरेनं चाळते."

त्या बाईचे उपकार. तिचं गाव कोणतं हेही मी विचारलं नाही.

खड्यांचा ढीग उन्हात होता. मी मांडी घालून बसलो. काळ्या खड्यात काळं बी. आधी सगळे खडे बीच वाटायचे, मग सगळ्या बिया खडे वाटायला लागल्या. मग सुचलं, बायकोची परात मागवली. ती काठी टेकत फाटकापर्यंत घेऊन आली, कशाला म्हणून विचारलं नाही. मूठभर खडे परातीत पसरायचे, बोटानं एकेक सरकवायचा. खडा बोटाला टोचतो, बी घसरतं. पहिलं सापडलं तेव्हा मी ते तोंडात टाकून चोखून बघितलं. रेती निघाली, ठिपके दिसले. कुडत्याच्या खिशात ठेवलं. मग दुसरं. चाळणाऱ्या बाईनं दोन आणून दिली.

साडेपाचला सून आली. खांद्याला पिशवी, हातात छत्री. मी रस्त्याच्या कडेला खड्यांत बसलेलो, डोक्यावर रुमाल, पुढ्यात परात.

"मामा! काय हुडकायलाव हितं?"

मी वर बघितलं नाही. "बी."

"कशाचं बी?"

"तुझ्या अव्वाचं. मी त्या दिवशी हितं झटकलं होतं. मेलेलं नव्हतं ते. कुचर होतं. तू म्हणत होतीस तसं घासायला पाहिजे होतं. मला कळलं न्हाई."

ती उभीच राहिली. मला तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. मी खडे सरकवत राहिलो, कारण हात थांबवला असता तर वर बघावं लागलं असतं.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी मेलंय म्हणलाव ना, मला बियाचं ऐकूच आलं न्हाई."

परातीतला एकच खडा मी दोनदा सरकवला.

मग छत्री मिटल्याचा आवाज झाला. "सरका थोडं." शाळेच्या साडीसकट ती माझ्या शेजारी खाली बसली आणि मूठभर खडे परातीत घेतले. तिची बोटं माझ्यापेक्षा चपळ. बसल्या बसल्या तिनं एक काढलं, मग आणखी दोन. थोड्या वेळानं तिला हसू यायला लागलं.

"काय झालं गं?"

"अव्वा असती तर म्हणली असती, एवढा मोठा बीवाला इवाई मिळाला आन बी रेतीत पेरतोय."

इवाई म्हणजे व्याही. मी म्हणलो, "म्हणू दे." आणि मलाही हसू आलं. फाटकात उभी राहून बायको दोघांना बघत होती, ती पण पदर तोंडाला लावून हसायला लागली. रस्त्यानं जाणाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो.

उजेड गेला तेव्हा सात बिया झाल्या होत्या. बारा गेल्या.

घरात आल्यावर मी स्वतः तो छोटा दगड काढून तिच्यापुढं ठेवला. "दाखव," म्हणलो. तिनं एक बी चिमटीत धरलं. बियाला जिथं शेंगेचा देठ लागलेला असतो तिथं एक बारीकसा ठिपका असतो, त्याला डोळा म्हणतात. कोंब तिथून येतो. तो डोळा वरच्या अंगाला धरून तिनं उलट्या बाजूनं बी दगडावर हळूच चार वेळा घासलं. सालीचा काळा रंग गेला, आतलं पिवळट तीळभर दिसलं. तेवढंच. असं एकेक करून सातही घासली आणि कोमट पाण्यात सोडली. मी बघत होतो. हात पाठीमागं बांधून बघत होतो, कारण पुढं असते तर मधे गेले असते.

त्या बियांच्या वेलानं आज आमच्या गॅलरीची जाळी भरली आहे. दरसाल बी धरून लावतो. कॉलनीतल्या तीन-चार घरांत तो गेला, सुनेच्या शाळेच्या कुंपणावर आहे, लोह्याला आमच्या रानातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी आहे. पाकळीत पाकळी असलेलं फूल बघून बाया फाटकाशी थांबतात आणि विचारतात, कुठून आणला. मी सांगतो, देगलूरच्या इवाणीचा, विहिणीचा आहे. ज्या बाईशी मी जिवंतपणी चार वाक्यांवर बोललो नाही, तिचं नाव माझ्या तोंडून रोज निघतं. देवानं सत्तरीत मला एवढं शिकवलं, आणि शिकवायला माझ्याच घरातल्या दोन बाया आणि रस्त्यावरची एक बाई पाठवली. तिघींनी मला हसत शिकवलं. रागावून शिकवलं असतं तर मी शिकलोच नसतो, हे त्यांना कसं कळलं असेल?

बिया भिजवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा सून माझ्या आधी वाटीपाशी बसलेली होती. पाच बिया फुगून वालाएवढ्या झाल्या होत्या. दोन तशाच तळाला, काळ्या, टणक. शाळेची वेळ झालेली. तिनं पाच बिया ओट्यापुढच्या मातीत बोटभर खोल लावल्या, हात धुतले, पिशवी खांद्याला लावली. जाता जाता वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मामा, ही दोन कमी घासली गेली माझ्याच्यानं. तुम्ही घासा."

मी ओट्यावर दगड घेऊन बसलो. एक बी चिमटीत धरलं. डोळा कुठं आहे ते दिसेना, म्हणून बायकोचा चष्मा मागून घेतला. डोळा वर केला, आणि घासलं.